पोहण्याचा तास

१३ जानेवारी

हसले सगळे! शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग, मी अध्यक्ष, आणि माझ्याच तोंडावर हसले. मी एवढंच म्हणली, पोरीईले शाळेत पोहणं शिकवा. मच्छीमार सोसायटीचे सोमाजीभाऊ म्हणाले, "ढिवराच्या लेकराले पोहणं शिकवा लागते का, करिष्माबाई?"

मंग त्याईले डिंपल आठवली असन. खाली पाहाले लागले.

माझी डिंपलही ढिवराचीच होती नं. दिवाळीच्या सुट्टीत तलावाच्या पाळीवरून घसरली, वर आलीच नाई. पोट्टे बापामागं जाळ्यावर जाता जाता पोहाले शिकतात. पोरी कंबरभर पाण्यात झिंगे धरतात, त्याच्या पुढं त्याईले कोणी नेतच नाई. गावात साऱ्याईले ठाऊक आहे. बोलत कोणी नाई.

ठराव झाला शेवटी. लहानी आचल चौथीत आहे, रोज त्याच पाळीवरून शाळेत जाते. तिच्यासाठी मी कोणाशीही भांडीन.

२९ जानेवारी

पोंभुर्ण्याहून केंद्रप्रमुख आले. माणूस भला. ठराव दोनदा वाचला. म्हणाले, बाई, अभ्यासक्रम तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. कायद्यानं तो राज्यानं नेमलेली संस्था ठरवते, पुण्याला. समितीनं शाळेवर लक्ष ठेवायचं, विकासाचा आराखडा करायचा. मी म्हणली, मंग पुण्याले विचारा. विचारतो म्हणाले, पण आशा धरू नका.

पुण्याच्या माणसाले आमचा तलाव कसा दिसन? लई राग आला.

पण खोटं काऊन लिहू? राज्य ठरवते म्हणूनच आचलच्या पुस्तकात तेच धडे आहेत जे चंद्रपूरच्या पोरीच्या पुस्तकात आहेत. ते मले पायजेच. हेही पायजे.

४ फेब्रुवारी

माझा नवरा प्रफुल म्हणते, सोड आता. डिंपलले त्यानंच बुडी मारून वर काढलं होतं. अजूनही मासे धरते, विकते, पण घरी ताटात घेत नाई. त्याच्याशी भांडवत नाई मले.

१७ फेब्रुवारी

हेडमास्तर हरिदास सरांशी बोलली. ते म्हणाले, खेळाच्या तासाला काय घ्यायचं ते थोडंफार मी ठरवू शकतो, पण लेकरं तलावात उतरवायची जोखीम मी घेणार नाही. घाबरतात. मीही घाबरली असती. मंग हळूच म्हणाले, रविवारी शाळाही नसते अन् अभ्यासक्रमही नसतो.

तशीच सोमाजीभाऊच्या घरी गेली. तलाव सोसायटीच्या ठेक्यातला. म्हातारा जाळं सांधत होता. मी सारं सांगितलं, तसं त्यानं जाळं खाली ठेवलं.

"तलावाचं तं आम्हीच ठरवतो," म्हणाला. "पाठव पोरीईले."

घरी येतपर्यंत रडत आली.

१ मार्च, रविवार

पुण्याहून काही नाई. पण पोरी आल्या! कमळाची, गुलाबची, साऱ्या. सोमाजीभाऊनं रिकामे डबे दोरीनं बांधून आणले, एकेकीच्या पोटाखाली दिले. प्रफुल छातीभर पाण्यात उभा होता, कोणालेच त्याच्या पुढं जाऊ देत नव्हता.

आचल पाळीवरच बसली. नाई म्हणजे नाई. समजावलं, दटावलं, मंग सगळ्याईच्या समोर दंडाले धरून ओढलं. ती बोलली, "मले इचारलं का कोणी?"

हात आपोआप सुटला. समितीले विचारलं, साहेबाले विचारलं, पुण्याले, सोसायटीले विचारलं. बाजूले झोपते तिलेच नाई! डिंपल घसरली तेव्हा हीच तं होती तिच्यासंग.

५ मार्च

आज विचारलं. भाकरी खाता खाता.

"तू पयले उतर," म्हणली.

मी ढिवराची लेक, ढिवराची सून. मलेही पोहता येत नाई. एवढ्या मीटिंगा झाल्या, हे तोंडातून निघालं नाई. लाज वाटे. आचलले ठाऊक आहे. डिंपल बुडाली त्या दिवशी मी पाळीवर उभी राहून नुसती ओरडत होती, ते तिनं पाह्यलं.

८ मार्च, रविवार

साऱ्या गावासमोर साडी खोचली. कंबरेच्या पुढं गेली. मागं पाह्यलं तं आचल पाण्यात होती.