पुरुषांच्या रांगेत आई

२७ डिसेंबर

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? आम्ही इथे मजेत. आईही बरी आहे. म्हणजे खरंच बरी आहे, ते पुढे सांगतेच.

आधी माझी बातमी. मी रचलेलं नाताळचं गीत परवा चर्चमध्ये गायलं गेलं. वाद्य एकही नाही, नुसते गळे. शब्द माझे, चाल माझी, चारही आवाज मीच बांधलेले. शेवटचा सूर विरला तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. मग आमचे दातांचे डॉक्टर, जे एरवी प्रवचनात डुलक्या काढतात, ते उभे राहिले, आणि त्यांचं बघून सगळे.

तू विचारशील, आईने वरचा सूर कसा लावला? मावशी, तिने तो लावलाच नाही. इतके दिवस फोनवर मी 'आई झोपलीय', 'आई बाहेर गेलीय' सांगत आले, तेव्हाच तुला शंका आली असणार. उन्हाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, आता काळजीचं काही नाही. पण ज्या आवाजात ती तुझ्याबरोबर गायची, तो गेला आणि त्या जागी एक जाड, घोगरा आवाज आला. तुला कळवायचं नाही, असं तिनेच मला बजावलं होतं. क्वायरचं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचं, तर तिने नावच टाकलं.

गीत लिहायला बसले तेव्हा देवदूतांच्या ओळी भराभर सुचल्या. बाळ येशूला आधी पाहणाऱ्या मेंढपाळांपाशी गाडं अडलं. रात्रभर थंडीत राखण करणारी माणसं, त्यांचा आवाज गोड कसा असेल? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई मांजरावर ओरडली, आणि मला माझा मेंढपाळ सापडला.

क्वायरचे मास्तर म्हणाले, "ही ओळ एखाद्या पुरुषाला द्या. तुमच्या आईंचा आवाज मध्येच फाटतो."

"फाटला तर फाटू दे. ओळ तिच्यासाठीच बांधलीय."

आई तर ऐकूनच घेईना. "माझी कीव करतेस?"

"नाही गं. वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुष्कळ आहेत. तिथे तू मला नकोच आहेस. हे खालचं मात्र दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

तिने हातातला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "आण तो कागद."

परवा ती पुरुषांच्या रांगेत, पोस्टमन आणि सुताराच्या मधे उभी राहिली. देवदूत थांबले. आता तिने एकटीने उचलायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावरून सूर घ्यायचा. ती चुकली असती तर सगळा डोलारा कोसळला असता.

"आम्ही पाहिलं," आई गायली. आवाज फाटला, अगदी मधोमध. पण सूर जागचा हलला नाही. तिने पुन्हा "आम्ही पाहिलं" म्हटलं, तेव्हा पुरुष तिच्या खालून आले, बायका वरून आल्या, आणि चर्च छतापर्यंत भरून गेलं.

बाहेर पडताना मास्तरांनी तिला विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे उभ्या राहणार?"

"इथेच. वर फार गर्दी असते."

हे पत्र तिने आत्ता वाचलं. 'घोगरा' खोडून 'भारदस्त' लिही म्हणाली. मी खोडलेलं नाही.

आता दोन आवाजांचं नवं गीत घेतलंय. खालचा तिचा, वरचा तुझा. तुझी ओळ सोबत पाठवतेय. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

तुम्हा दोघींची,
लेक