तळ्यातल्या सासूबाई

नागपूर, नागपंचमीचा दुसरा दिवस

सौ. वच्छलाताईंना गोपिकाचा पदर धरून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना एरंडेलानं उतार पडला का, ते कळवावे. इकडे देवाच्या कृपेनं सगळे बरे (म्हणजे माणसं). फोनच करणार होते, पण घरात मोकळं बोलायची सोय राहिली नाही, कारण पुढे येईलच. पाठकोऱ्या कागदावर लिहिते, राग मानू नये.

हुडकेश्वरच्या घरामागे तुमच्या दादांनी निवृत्तीनंतर तळं खणलं, ते तुम्ही पाहिलंत. आता आमची चूल त्यावरच. माशांचं बीज देणारा अश्विन म्हणाला होता, "काकू, जाती जमल्या पाहिजेत." मला वाटलं, झालं, माशांचीही सोयरीक आली! (मी पंचांग आणायला उठलेसुद्धा.) पण त्याचं म्हणणं साधं होतं. कटला वर चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी. तिघांची ताटं वेगळी, म्हणून भांडण नाही. इतक्या समजूतदार जावा मी आपल्या घराण्यात पाहिल्या नाहीत. आरतीची घंटा वाजली की तिन्ही जाती काठाशी गोळा व्हायच्या आणि मी मूठभर पेंडीची ढेप टाकायची.

मग सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला तुम्ही उमरेडहून बादलीत तो काळा मासा आणलात. बाजारात त्यानं तुमच्याकडे बघितलं, नजर हुबेहूब आईंची, म्हणून सोडवून आणलात आणि आईंच्या नावानं तळ्यात सोडलात. भावना थोर, ताई. पण तेव्हापासून घंटा वाजवली की पाणी हलत नाही. फक्त एक तोंड वर येतं, उसासा टाकतं आणि माझ्याकडे बघत राहतं. (भाजीत मीठ जास्त झालं की आई टाकायच्या, तोच उसासा.) ढेप हात आखडून टाकली तर दोन उसासे.

अश्विनला बोलावलं. "काकू, हे मरळ होय. हवा घ्यायले वर येते. बाकीचे सगळे खाऊन राहिली ना हे! हिले काढा, नाहीतर मी बीज देत नाही." उसाशाचं कारण कळून जीव भांड्यात पडला, तर तुमचे दादा जाळ्यावर पाय देऊन उभे. "माय आहे ते माही. मायवर जाळं टाकू काय वं?" आता रोज सकाळी काठावर बसून तिला घरातलं सगळं सांगतात. मी चहात साखर कमी घातली, तेही. मग ती दुपारभर माझ्याकडे बघते.

परवाच्या पावसानंतर अंगणात तळ्यापासून तुळशीपर्यंत ओला, बुळबुळीत पट्टा दिसला. अश्विन म्हणतो, ओल असली की मरळ जमिनीवर सरपटते, नवल नाही. बरं. आज पट्टा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. परतीचा पट्टा मात्र नव्हता. आणि सकाळच्या घंटेला तोंड तळ्यातच!

यंदा बीज पडलं नाही तर तळं रिकामं, म्हणजे आमची ताटंही. मुलांना आशीर्वाद.

आपली,
गोपिका

ता. क. मुद्दा राहिलाच. आईंनी आता थोडे दिवस लेकीकडे राहावं. तुमची विहीर प्रशस्त, आत दुसरं कोणी नाही, जमवून घ्यायचा प्रश्न नाही. तुमच्या शब्दाबाहेर दादा नाहीत. बादली घेऊन या.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी घंटा वाजवली. तोंड वर आलं नाही. दादांनी घाबरून स्वतःच जाळं फिरवलं; तळ्यात कोणीच नाही. पट्टा अंगणातून फाटकाबाहेर गेलाय आणि उमरेड रोडला वळलाय, तुमच्याच दिशेनं. हे पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नव्हतं, ताई. (लिहिताना सवयीनं पुटपुटत होते तेवढंच, उंबऱ्यात बसून.) बादली राहू द्या. विहिरीवरची जाळी तेवढी काढून ठेवा.