हबीबाच्या फोनवरची हजेरी

कामतघर, भिवंडी
१२ जानेवारी २०२५

प्रिय आल्हाद,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी घरी बरं आहे. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

वाचनालयातल्या भाषणात मी म्हणाले होते, "माझा सख्खा भाऊ फोनची कुलपं बनवतो." ते चारचौघांत म्हणायला नको होतं. पण मत बदललेलं नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली खुली सिस्टीम तुझ्या कंपनीला फुकट मिळते. तिलाच कुलूप लावायचं, तीन वर्षांत अपडेट बंद करायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, नवा फोन घ्या. हा कुठला न्याय?

म्हणून डिसेंबरात चाळीत शिबिर घेतलं, जुन्या फोनांवर खुली सिस्टीम टाकायचं. पहिला फोन हबीबाचा, तुमच्याच कंपनीचा. ती वडप्याच्या गोदामात पार्सलं लावते. फोन भराभर चालायला लागला, तशा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामाचं हजेरीचं ॲप उघडेना. बदललेल्या सिस्टीमवर ते चालतच नाही. सुपरवायझर म्हणाला, "पहले फोन ठीक कराओ, फिर ड्युटी पे आना." तीन आठवडे ती घरी बसून आहे. एक तारखेला कामगारांची नवी यादी लागेल. तोवर फोन सुधारला नाही तर तिची जागा गेली.

मी तिला म्हटलं, "हबीबा, फोन तुझा आहे, त्यांचा नाही."

"फोन मेरा है बाजी, पर हाजिरी तो उनकी है ना? आधी विचारायचं तरी."

आल्हाद, शिबिराच्या आदल्या दिवशी तू आईच्या फोनवर निरोप पाठवला होतास: 'ताईला सांग, फोनवर कामाचं काय काय चालतं ते लोकांना आधी विचार. काही ॲप बंद पडतील.' आईने तो मला वाचून दाखवला होता. मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्धे लोक फोन खिशात घालून घरी गेले असते, आणि मला ते नको होतं.

त्या फोनची मूळ सिस्टीम तुमच्या कंपनीने साइटवरून काढून टाकली आहे. तुझ्याकडे असेल. मला पाठवू नकोस. हबीबाचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर देते आहे, तिच्याशी बोल. कुठली सिस्टीम ठेवायची ते या वेळी ती ठरवेल.

तुझा निरोप गिळून बसलेली,
सुचेताताई