सीडीतलं गाणं

सिंदेवाही, १८ जुलै २००४

आज धानाच्या रोवण्यात वहिनी गातच नव्हती. दरवर्षी बांधीत, चिखलाच्या वावरात, पहिलं गाणं तीच उचलते, मग मागून प्रत्येक बाई आपली एक नवी ओळ जोडते. मागच्या साली शहरातला एकजण ते टेप करून घेऊन गेला. आता त्याची सीडी निघाली. काल तिच्यावर छापलेलं 'नक्कल करणे गुन्हा आहे' मीच हसत हसत वहिनीला वाचून दाखवलं. काऊन वाचलं?

"गाऊ कशी भाऊजी? पोलीस नेतीन ना!"

"अवो वहिनी, गाणं तं आपलंच हाय."

थोडा वेळ तिनं रोपं लावली. मग त्या सीडीवाल्यावरच ओळ रचून असा सूर लावला की सगळी बांधी हसली.

घरी येताना मात्र तिलाच कीव आली. "त्या सीडीतल्या गाण्याले आता नवी ओळ कोण जोडन, भाऊजी? बिचारं तेवढंच राहीन."