पिवळी रेघ

सरावली,
रविवार

प्रिय धीरज,

माझं अक्षर बघून तू हे पाकीट बाजूला टाकशील, हे धरूनच लिहायला बसलोय. म्हणून दीपालीला सांगितलं, पोस्टात टाकू नकोस, नाशिकला जाशील तेव्हा भावाच्या हातात दे आणि तो वाचेपर्यंत समोरून हलू नकोस. सहा वर्षांत मी तुला एक फोन केला नाही. तुझे दोन आले, ते उचलले नाहीत. तुला मुलगी झाली तेही दीपालीकडून कळलं मला. आता बाप म्हणून तुला चार गोष्टी सांगायचं तोंड माझ्याकडे नाही, तरी वाच. सांगायचंय ते एकच आहे, पण त्याच्याकडे सरळ चालत जायला माझे पाय उचलत नाहीयेत, तेव्हा थोडं वळसा घालून येतो.

आपली फियाट मी दुरुस्तीला काढली आहे. हो, तीच. तुझी आई जिच्यात गेली ती.

मार्चमध्ये मी रिटायर झालो. एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये पाने-पकडी घेऊन काढल्यावर घरात हात शिवशिवतात. त्यात शिरगावहून रामनाथमामाचा फोन आला. गाडी अपघातापासून त्याच्याच वाडीत ताडपत्रीखाली पडलेली. म्हणाला, भाऊजी, गाडी नेता का भंगारवाल्याला बोलवू, घाई नाय, पण मला तिथे पंपाची खोली बांधायची हाय. बिचारा सहा वर्षं गाडीबद्दल एका शब्दाने बोलला नव्हता. मी टेम्पो केला आणि गाडी इथे घरामागे आणून उभी केली. शेजारीपाजारी खिडकीतून बघत होते. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं म्हणत असतील, म्हणोत.

पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून सांगतो. हात शिवशिवत होते हे अर्धंच खरं. मला एक हाव होती. वाटायचं, गाडी उघडीन आणि आत कुशलची काहीतरी घाण सापडेल, अशी की अपघात तिच्यामुळेच झाला म्हणता येईल. मग तुला फोन करता येईल. तुझी चूक नव्हती रे, त्या गाढवाची होती, असं म्हणून तुला घरी बोलावता येईल. तुझंही सुटेल, माझंही काही जाणार नाही.

कुशल तुला आठवतच असेल. पालघरचा झेरॉक्सवाला, ज्याच्याकडून आपण गाडी घेतली. नाव कुशल आणि हाताला कौशल्य औषधालाही नाही. गाडी घेतली तेव्हा आपण त्याचे अर्धे प्रताप निस्तरले होते. उरलेले आता निघाले. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून गेला होता, तिथे त्याने तेलाचा डबा कापून ठोकलेला, वर डांबर. दारावरची पुट्टी खरवडली तर आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यावरच्या जाहिराती अजून वाचता येतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. सगळ्या वायरी लाल, हॉर्नची कुठली आणि दिव्याची कुठली ते त्याच्या देवाला ठाऊक. एका वॉशरच्या जागी नाणं निघालं, भोक पाडलेलं. मी एकेक काढायचो, शिव्या घालायचो, आणि खरं सांगू का, मला बरं वाटायचं. दोन महिने मी त्या माणसाला शिव्या घालत इतका सुखात होतो की दीपाली म्हणाली, बाबा, तुम्ही जेवायला लागलात.

स्टिअरिंगला मात्र हात लावत नव्हतो. आज करू, उद्या करू. कारण तुला माहीत आहे.

तुझं बोलणं मी विसरलेलो नाही. रामनाथच्या मुलीचा साखरपुडा होता, माझी पहिली पाळी होती, मी कंपनीतून परस्पर येणार होतो. तू आईला घेऊन निघालास. उमरोळी सोडल्यावर त्या वळणाला गाडी वळलीच नाही, सरळ मोरीच्या कठड्यावर गेली, आणि आईची बाजू आत आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, कपाळातून रक्त येत असताना, तू मला म्हणालास, बाबा, स्टिअरिंग फिरत होतं पण चाकं वळत नव्हती. तेवढंच दोनतीनदा म्हणालास. आणि मी काय म्हणालो? ते स्टिअरिंग मी स्वतः बांधलंय, माझं काम सुटत नाही. दुसऱ्या दिवशी स्मशानात, तुझ्या हातात मडकं असताना, चारचौघांत म्हणालो, तूच मारलंस तिला. त्यानंतर तू कधी स्टिअरिंगचं नाव काढलं नाहीस. कोर्टातही वकील नको नको म्हणत असताना तूच कबूल केलंस की वेग जास्त होता. तू चाळीसच्या वर गाडी नेत नव्हतास धीरज. आई शेजारी असली की तीसच्या वर नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं.

माझ्या कामाचा मला माज होता. पिवळ्या रेघेवरून तुम्ही मला किती छळायचात. आमच्या प्लांटमध्ये पद्धतच ती, नट पुरा कसला, तपासला, की नटावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम झालं, कुणी परत हात लावायचा नाही. ट्रेनी पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आधी काम, मग रेघ. घरातही तेच. कुकरच्या दांडीच्या स्क्रूवर रेघ, पंख्याच्या नटावर रेघ. आई म्हणायची, माझा स्वयंपाक झाला की माझ्याही कपाळावर एक ओढा, म्हणजे परत कुणी उठवणार नाही. तू त्यावर खोखो हसायचास. ती हसताना तोंडावर पदर धरायची, ते मला आजही दिसतं, आणि मग दिवसभर काही सुचत नाही.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला मी गाडीखाली शिरलो. स्टिअरिंगची दांडी जिथे चाकाला जोडलेली असते, तो उजवा सांधा सुटून लोंबत होता. आदळल्यावर तुटला असेल असंच आजवर सगळे धरून चाललेले. तुटला नव्हता. बोल्ट अख्खा होता आणि त्याचे आटे नव्यासारखे. नट ओरबाडून निघाला असता तर आटे सोलले गेले असते. तो आपला आपण फिरत फिरत, रोज थोडा थोडा, सुटून पडला होता. तसं होऊ नये म्हणून त्या बोल्टला आरपार भोक असतं, आणि नट कसल्यावर त्या भोकातून एक पिन घालून तिचे पाय वाकवायचे असतात, केसांच्या आकड्यासारखी पिन. ती असली की नट बापजन्मात सुटत नाही. मी म्हटलं, चला, पिन नाही. सापडला कुशल. खरंच असं म्हणालो, मोठ्याने.

मग टॉर्च जवळ नेला. बोल्टच्या टोकावर पिवळी रेघ होती. माझी. आणि ती त्या भोकावरून गेली होती. रंग भोकात उतरून तिथेच वाळला होता, भोक बुजलं होतं. पिन असती तर तिथे रंग शिरलाच नसता. म्हणजे ती कधी घातलीच नव्हती, आणि रेघ मात्र ओढली होती.

तिथे पडल्या पडल्या सगळं आठवलं. साखरपुड्याच्या दोन आठवडे आधी तो सांधा मीच नवा बसवला. जुनी पिन काढताना मोडली, नव्याच्या खोक्यात पिन नव्हती. म्हटलं, उद्या कंपनीतून आणून घालू. पण रंगाची डबी उघडलेली, ब्रश भिजवलेला. परत कोण धुवत बसणार, म्हणून रेघ आधीच ओढून टाकली. दुसऱ्या दिवशी पिन आणायची राहिली. आणि साखरपुड्याच्या शनिवारी, तुम्ही जाणार म्हणून, मी मुद्दाम वाकून खालून बघितलं होतं रे. बघितलं नाही असं नाही. मला रेघ दिसली, आणि मी निर्धास्त झालो. जगात दुसऱ्या कुणाची असती तर मी बोट लावून बघितलं असतं. माझी होती म्हणून नाही बघितलं.

पुढचंही सांगतो, लपवत नाही. गाडीखालून निघालो, रंग पुसायला थिनरमध्ये बोळा भिजवला आणि परत आत गेलो. एकदा पुसलं की संपलं. कुणाला कळणार होतं? बोळा त्या बोल्टपासून वीतभर लांब धरून मी किती वेळ पडून होतो सांगता येत नाही. थिनर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग माझ्याने झालं नाही. पण धीरज, हात तिथवर गेला होता, हे तुला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी पालघरला कुशलकडे गेलो. सगळं समजल्यावरही गेलो. कसल्या आशेने ते विचारू नकोस. त्याने चहा मागवला. मी विचारलं, स्टिअरिंगला काय काय केलं होतंस? तो म्हणाला, काका, मला जमत नाय त्याला मी हात लावत नाय, ते काम मी कधीच केलं नाय. पुढे म्हणाला, काकी कशा हायेत, गाडी घेतली तेव्हा त्यांनी पेढे दिलेले. त्याला माहीतच नव्हतं. मी म्हणालो, बरी आहे, आणि चहा तसाच ठेवून उठलो. ज्याला मी दहा वर्षं गाढव म्हटलं, त्याच्या ठिगळांनी कुणाचा जीव घेतला नाही.

मग शिरगावला गेलो. रामनाथला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. त्याची बहीण ती, त्याने मला मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. तो एवढंच म्हणाला, सुलूला आता काय सांगता येणार नाय, पोराला सांगा. त्याच्या बायकोने जेवायला थांबवलं. दीपालीलाही सांगितलं. ती रडली नाही, आठवडाभर बोलली मात्र नाही. स्मशानात जे माझ्या तोंडून ऐकत उभे होते, त्यांच्या घरी एकेक करून जातोय. सात घरं झाली. आमच्या पाळीतले दोघे म्हणाले, आता कशाला उकरून काढता. त्यांना बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गाडी अर्धी झालीय आणि अर्धीच राहील. तो बोल्ट काढून ठेवलाय. कोर्टात दाखवता आला तर वकिलाला विचारून दाखवणार आहे, तुझ्या नावापुढे जे लिहिलंय ते माझ्या नावापुढे जाईल.

तरीही हे पत्र मी आणखी लांबवलं असतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण परवा दीपालीने बारशाचं सांगितलं, इतके महिने पोटात ठेवलेलं. तिने बाळाच्या कानात समिधा नाव सांगितलं, पाळण्यातून काढून तुझ्याकडे दिली, तर तू हात मागे घेतलेस. माझ्या हातात नको, म्हणालास. सगळ्यांना वाटलं पहिलटकर बाप आहे, घाबरला. पण पोर आठ महिन्यांची झाली, अजून तू तिला उभ्याने घेतलेलं नाहीस, गादीवर असली तरच शेजारी बसतोस, असं सूनबाई दीपालीला म्हणाली. हे ऐकलं आणि कागद पुढ्यात ओढला. तुझ्या हातांनी काहीही केलं नव्हतं बाळा. तुझ्या हातांनी आईला वाचवायला शेवटपर्यंत स्टिअरिंग फिरवलं, ते चाकाला मी धड जोडलेलं नव्हतं. तुझ्या आईला मी मारलं. मला माफ कर म्हणत नाही, इथे ये असंही म्हणत नाही. एवढंच कर, कागद दीपालीकडे दे आणि आत जाऊन तुझ्या मुलीला उचलून घे.

तुला तोडून बसलो तरी तुझाच,
बाबा