लिफ्टच्या बाजूचं दार

प्रिय मिकेलकाका,

आज दुपारी तुमच्या भाच्याचा फोन आला. इतुरियाल्दे विकलं म्हणाला. तुमचं स्पेनमधल्या बास्क गावातलं घर, ज्याच्या मागचा डोंगर चढला की पलीकडे फ्रान्स. घेणारे शहरातले आहेत, उन्हाळ्यापुरते येतील. त्यांनी घरामागच्या वाटेला कुंपण घातलंय. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते काम माझं, म्हणून लिहायला बसले.

काम कसलं, तुम्हीच गळ्यात मारलेलं. आम्ही हॉलंडला, रायस्वाइकच्या या इमारतीत राहायला आलो, तेव्हा वाटीभर शिरा घेऊन मी तुमचं दार वाजवलं होतं. आभार मानायचे सोडून तुम्ही आधी आमच्या दाराकडे बघितलंत, मग लिफ्टकडे. म्हणालात, "आमच्याकडे चर्चच्या दिशेला ज्याचं दार, तो पहिला शेजारी. इथे चर्च नाही, लिफ्ट आहे. म्हणजे तू." मला वाटलं, म्हातारा जरा सटकलाय.

पहिल्या शेजाऱ्याची कामं मग चहा पिता पिता कळत गेली. घरात कुणी गेलं की छपराचं एक कौल त्याने उचलायचं, जीवाला वाट हवी म्हणून. मधमाशांना जाऊन सांगायचं, मालक गेले, मेण जास्त करा, चर्चमध्ये दिवा लावायचाय. आणि शेवटी, प्रेत चर्चला नेताना, सगळ्यांच्या पुढे चालायचं. प्रत्येक घराची चर्चपर्यंतची वाट ठरलेली, तुमची ती घरामागची. ती कुणी अडवत नाही, कधीच नाही, असं तुम्ही टेबलावर हात आपटून सांगायचात.

तुमचे वडील सीमेपलीकडून चोरून कॉफीची पोती आणायचे, तीही याच वाटेने. का, तर मेलेल्यांच्या वाटेवर थांबायला शिपाई घाबरायचे. हे खरं होतं की थाप? विचारायचं राहूनच गेलं.

ॲम्ब्युलन्स आली त्या दिवशी मी मास्क लावून दारात उभी होते. लिफ्टचं दार बंद होताना तुम्ही एक बोट वर केलंत, छपराकडे. मी ओरडले, "गप्प बसा, परत येताय तुम्ही." कसले परत येताय.

हॉस्पिटलने आत सोडलं नाही. दहनाच्या वेळीही तेच. फोनवरच्या बाईने विचारलं, आपण कोण? म्हटलं, शेजारीण. नात्यातल्या? नाही हो, पहिली शेजारीण. ती बिचारी चांगलं बोलत होती, पण पहिली काय आणि दहावी काय, तिला सारखीच. तुमच्याबरोबर शेवटी कुणीच नव्हतं, काका. मला फार राग येतो अजून. कुणाचा ते कळत नाही.

कौल कुठून उचलू? आपल्या डोक्यावर आणखी दोन मजले. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि थंडीत तशीच ठेवली. मग सायकल काढून तुमच्या भाजीच्या वाफ्यांपाशी गेले. तिथल्या मधमाशांच्या पेटीवर टकटक केलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. तुमची भाषा मला येत नाही, म्हणून मराठीतच सांगितलं, "बायांनो, मालक गेले. मेण करा." कान लावला. आत काहीच हालचाल नाही. झाकण काढलं तर सगळ्या तळाशी पडलेल्या, कोरड्या. थंडीतच गेल्या असणार, तुमच्या आधी.

तुम्हाला ठाऊक होतं का हो हे? ठाऊक असून शेवटपर्यंत मला बजावत राहिलात, माशांना सांगायला विसरू नकोस म्हणून?

तुमच्या अस्थी अजून इथल्या दहनगृहातच आहेत. सीमा उघडल्या की न्यायला येतो, असं भाचा इतके महिने म्हणत होता. आज म्हणाला, "नेऊन ठेवू कुठे?" घर नाही, वाट नाही, आणि मिकेल इतुरियाल्देचा, असं ओळखणारं गावात आता कुणी उरलेलं नाही. मी फोन ठेवला.

पण शब्द देते. त्याला गाठून, त्याच्या मागे लागून तुम्हाला मी मागून घेईन आणि त्या कुंपणापर्यंत नेईन. पुढे जाता येणार नाही. दिवाही नसेल. तुम्ही सांगितलं होतं तशी मी पुढे चालेन, काका. फक्त माझ्या मागे कुणी नसेल.

तुमची, लिफ्टच्या बाजूच्या दारातली,
मेधा