जाताना भुजंगप्रयात, येताना तोटक

फसली १३२१. मार्गशीर्ष शु. ५, शनिवार. मु. चौसाळा

लेक गोदू बाळंतपणाला आली. मी स्वतः बीडला जाऊन आणली. मांजरसुंब्याचा घाट बैलांच्या पायचालीनं चढवला. गाडीवान चिडचिड करत होता, करो बापडा. सातवा सरत आला. आधीची दोन लेकरं थंडीतच झाली, दिवस भरायच्या आत, आणि गार पडून गेली.

उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "नाना, या खेपेला काही तयारी करू नका. बोलूसुद्धा नका."

बरं म्हणालो. चाळीस वर्षं पोरांकडून वृत्तं घोकून घेतली, पण अशा वेळी लेकीला काय म्हणावं ते

शु. ७, सोमवार

थंडी वाढली. गोदू खांबाला टेकून बसते, हात मांडीत. शिवण दिलं तर सोडून देते. म्हणते, माझ्या हातून काही पुरं होत नाही.

दु. हुसेनखां जमादाराकडं. मोमिनाबादेच्या रिसाल्यात होता. पाय मोडून छावणीच्या दवाखान्यात सहा महिने पडला, तिथं कुणा नर्सबाईनं विणायला शिकवलं. एवढ्या मोठ्या मिशा आणि हातात मोजा! पूर्वी मी फार हसलो आहे. आज पाहत बसलो. लोकर ऊब धरते, अंगाबरोबर ताणते.

विचारलं, "तान्ह्या लेकराचं अंगडं होईल का?"

"होता हय. मगर तुम्हारे हात से? जिंदगीभर खडू धरला बे तू..." मग 'बे' गेलं म्हणून जीभ चावली. "माफ करो मास्तर."

ही, गोदूची आई, असती तर तिनंही तेच म्हटलं असतं. ताक घुसळायला बसलो की रवी काढून घ्यायची. "सोडा, तुमचं चित्त आभाळात." कसा आवाज होता तिचा!

छत्रीच्या काड्या घासून केलेल्या दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा त्याच्याकडून घेऊन आलो. गोदूला सांगितलेलं नाही.

शु. ११, शुक्रवार

वीस टाक्यांनी सुरू करतो, तेवीस होतात. जमादार: "ये तीन किसके घर से आये, मास्तर? मेहमान हय क्या?"

आज युक्ती सुचली. सुलटा टाका गुरू, उलटा टाका लघू. ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. बारा टाक्यांत भुजंगप्रयाताचा एक चरण! डोळे मिटले की पिंपळाखालची जुनी शाळा, मांडीवर ताल धरलेली पोरं, त्यांचे शेंबडे गंभीर चेहरे. ओळ सरळ गेली, एक टाका चुकला नाही.

परतीची ओळ तशीच म्हणत विणली आणि सगळं बिघडलं. उभ्या रेघा यायच्या, तिथं खरूज उठल्यासारखं दिसतं. तीनदा उसवलं. चुकतंय कुठं?

पौर्णिमा, बुधवार

आक्काला सापडलं. माझी थोरली बहीण. ही गेल्यापासून घर तिच्याच हाती आहे.

"बापू, ह्ये काय हाय?"

"अंगडं."

"जन्माच्या आधी नवं कापड? दोन गेली ती कमी पडली का तुला? कावून असं करतोस रे?" सुया माळ्यावर भिरकावल्या. गुंडा अंगणात घरंगळला.

गोदू दारात उभी. पांढरीफटक. मी शब्द दिला होता तिला.

जेवलो नाही.

वद्य २, शुक्रवार

दोन दिवस गोदूनं मला टाळलं. आज दु. माझं ते विणलेलं फडकं घेऊन आली. मी मान खाली घातली.

"नाना, परतीला वृत्त बदलतंय."

मला कळेना.

"सुई फिरवली की कापडाची पाठ आपल्याकडं येते. पुढून सुलटा तो मागून उलटा. म्हणजे गुरूचा लघू झाला, लघूचा गुरू. शिवाय तुम्ही शेवटाकडून परत येताय. ल गा गा उलटं म्हणा, मग लघू-गुरू बदला. काय येतंय?"

बोटांवर मोजलं. ल ल गा. ल ल गा.

"तोटक हाय त्ये," गोदू म्हणाली.

जाताना भुजंगप्रयात, येताना तोटक! आणि हे सांगितलं कुणी, तर जिला मी एक अक्षर शिकवलं नाही तिनं. शाळेच्या भिंतीपलीकडं गोवऱ्या थापताना ऐकायची म्हणे. मी भिंतीच्या अलीकडं मूढ पोरांना छड्या मारत होतो.

जाताना म्हणाली, "पण आक्काआत्याचं खरं हाय. नवं नको."

वद्य ४, रविवार

रात्रभर विचार. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथं पाच घरचं जुनेर मागून लेकराला घालतात. मग पाच घरची जुनी लोकर मागून, उसवून तीच विणली तर?

आक्कानं वाती वळता वळता ऐकून घेतलं. मग वाती खाली ठेवून: "मागितल्यालं असंल तर दृष्ट लागत न्हाई. पर मागायचं बाईमाणसानं. तू गेलास तर श्लोक म्हणत बसशील पारावर."

स्वतः पदर पसरून गेली. जमादाराचे मोजे, मुनशीचा गलपट्टा, सोनाराकडची बंडी, धनगरवाड्यातून जुन्या घोंगडीची लोकर. पाटलीणबाईनं कानटोपी दिली, "मालकाला सांगू नका" म्हणून. पाटील सं. चावडीवर कानावर हात धरून बसलेले दिसले.

सुया आक्कानंच माळ्यावरून काढून दिल्या.

वद्य ९, शुक्रवार

लोकर मागितलेली, म्हणून गोदूनंही सुया धरल्या. अंगड्याची पाठ माझी, पोट तिचं. तिचा हात झरझर चालतो. मी जाताना म्हणतो, ती येताना म्हणते. काल एकदा हसली.

माझा भाग पुरा झाला. जमादारानं उजेडात धरला, ताणला, फिरवून पाहिला. "मास्तर, पास." आजवर हा शब्द मी दुसऱ्यांना दिला. घरी येईपर्यंत चाल वेगळीच होती माझी. सदुसष्टाव्या वर्षी हातानं केलेली पहिली वस्तू.

पण गोदू गळ्याशी येऊन थांबते. शेवटच्या चार ओळी विणते, उसवते. "राहू द्या नाना. पुरं झालं की..."

 मी गुंडा तिच्याजवळच ठेवला.

वद्य १३, सोमवार

पहाटे पोटात कळ. कौसा सुईण आली. "अजून लई दिवस हायती. पायाकडची बाज उंच करा, हलू नगा." बाजेखाली विटा दिल्या.

गोदूनं पडल्या पडल्या गळा पुरा केला. मी बघत नाहीसं पाहून.

पौष शु. २, शुक्रवार

मुलगा. सकाळी. वितीपेक्षा थोडा मोठा. रडला, पण मांजरीच्या पिलाएवढा. आक्का बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

अंगडं मोठं झालं. दोन लेकरं मावतील एवढं. गळ्यातून वारं शिरतं.

कौसाबाई म्हणाली, कापसात गुंडाळा. गोदू म्हणाली, "नाना, उसवा. छत्तीस टाके घ्या. आत्ता."

ती उठू शकत नाही. मी दाराबाहेर पाठ करून बसलो. ती आतून म्हणत होती, मी विणत होतो. ल गा गा. मधेच तिचा आवाज थांबे, मी सुई धरून बसे. पुन्हा ल ल गा.  एकही टाका गळला नाही. दिवेलागणीला आक्कानं ते विटांवर ऊन करून आत नेलं.

बसलं. बरोबर बसलं.

शु. ४, रविवार

आहे. कापसाच्या बोळ्यानं दूध. पावलं निळी होतात, आईच्या छातीशी धरली की तांबडी. कौसाबाईला विचारलं. "आज हाय. उद्याचं उद्या इचारा."

जमादार दाराशी येऊन उभा राहतो, विचारत नाही. मी मान हलवतो, तो जातो.

शु. ७, बुधवार

पाचवी पुजली काल. जागून.

आज सकाळपासून पीत नव्हता. दुपारी तीन बोळे प्याला. मग पुन्हा झोप, फार गाढ वाटते. सुईणीला निरोप धाडला.

आत डोकावलो. गोदू भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर तो, हातात सुया. नवे टाके घालत होती. मी मोजले. छत्तीसला थांबेल वाटलं. अठ्ठेचाळीस. साठ.

"एवढं मोठं कुणाला गं?"

वर पाहिलं नाही तिनं. "पुढच्या थंडीला लागेल."

कौसाबाई अजून आलेली नाही. गोदूची पहिली ओळ चालू आहे